बोल्टनचा फ्रेड आणि आपले मिस्त्री

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खंडेनवमीला आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा. दारातला ट्रॅक्टर धुऊन-पुसून उभा असतो. बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं, स्टिअरिंगला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. शेजारी विळा, कोयता, टिकाव, पहार ओळीनं मांडलेली. घरधनी नारळ फोडतो, पोरं पेढ्यासाठी हात पुढे करतात. लोखंडाला आपण देव मानतो, यात शंका नाही.

पण हाच ट्रॅक्टर म्हातारा झाला की काय होतं? आधी तो गोठ्यामागं जातो. मग त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागते. मग एक दिवस भंगारवाला येतो, गॅसकटरनं त्याचे तुकडे करतो आणि किलोवर घेऊन जातो. बैल विकताना डोळ्याला पदर लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ट्रॅक्टर विकताना कुणी रडलेलं अजून पाहिलं नाही. आणि त्यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, त्यानं लोखंडावर माया किती करावी?

तरीही जगात अशी माया करणारी माणसं आहेत, आणि त्यांचा चांगला मोठा गोतावळा आहे. आज मला या गोतावळ्याबद्दल बोलायचं आहे. विशेषतः त्यांच्यातला एक लाडका माणूस दुर्धर आजारानं खचत चालला, तेव्हा त्यांनी त्याचा मान कसा राखला, त्याबद्दल.

या छंदाचं मूळ शोधत गेलं की आपण इंग्लंडात पोचतो. डिझेलचा ट्रॅक्टर यायच्या आधी तिथं वाफेवर चालणारी इंजिनं शेतात राबत. आपल्या रेल्वेच्या जुन्या इंजिनाला रुळावरून उतरवून मोठाली लोखंडी चाकं लावावीत, तसा त्यांचा थाट. ही इंजिनं मळणीयंत्र फिरवत, ओझी ओढत, काही जण शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करून मधे तारेनं नांगर ओढत. डिझेल आलं आणि ही सगळी धुडं भंगारात निघाली. १९५० साली ॲपलफर्ड नावाच्या खेड्यात आर्थर नॅपर या शेतकऱ्याची आणि त्याच्या ओळखीच्या एका इंजिनवाल्याची पैज लागली. कुणाचं इंजिन जास्त पळतं? पैज होती एका पिंपभर बिअरची, म्हणजे सुमारे ४१ लिटरची. नॅपरच्या इंजिनाचं नावच ‘ओल्ड टायमर’, म्हातारबाबा म्हणा ना. म्हातारबाबानं शर्यत जिंकली. गंमत म्हणून सुरू झालेल्या या प्रकाराला पुढच्या वर्षांत गर्दी लोटू लागली, १९५४ मध्ये या हौशी मंडळींची संघटना उभी राहिली, आणि भंगारात जाणारी शेकडो इंजिनं वाचली. आपल्याकडे शंकरपटाच्या बैलजोडीवर माणसं जशी जीव टाकतात, तशीच ही जात. हे कळलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

पुढे डिझेल आणि रॉकेलवरचे जुने ट्रॅक्टरही या छंदात सामील झाले. त्यांतला सर्वांत लाडका म्हणजे हॅरी फर्ग्युसनचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर, टीई-२०. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून तो पाच लाखांहून अधिक संख्येनं बाहेर पडला. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं जी तीन कड्यांची जोडणी आणि हायड्रॉलिक लिफ्ट असते, ती रूढ केली या फर्ग्युसननं. नांगर कठीण जमिनीला अडला की त्याचा दाब वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरला कळतो, लिफ्ट नांगर किंचित उचलते आणि भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. एप्रिल-मेमध्ये आपली काळी माती तडकून दगडासारखी झालेली असते. त्या वेळी नांगरट करणाऱ्याला या युक्तीचं मोल वेगळं सांगायला नको. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी याच जातीच्या ट्रॅक्टरांना पट्टे लावून ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. तेव्हा लोक या यंत्राच्या प्रेमात पडतात, ते काही उगाच नाही.

या छंदवाल्यांचे सोहळे मोठे मजेचे असतात. जर्मनीचा ‘लांझ बुलडॉग’ नावाचा एक जुना ट्रॅक्टर आहे. त्याच्या इंजिनाचं डोकं आधी ब्लोलॅम्पनं लाल होईस्तोवर तापवायचं, मग स्टिअरिंगच उपसून बाजूला खुपसायचं आणि ते हँडलसारखं फिरवून इंजिन चालू करायचं! भोवती पन्नास माणसं श्वास रोखून उभी. पहिला ठोका पडला की टाळ्या. पण याच मंडळींची दुसरी एक रीत मला जास्त भावते. आपापले जुने ट्रॅक्टर घेऊन ती रस्त्यानं रांगेत निघतात आणि जमलेली देणगी एखाद्या रुग्णालयाला किंवा अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला देतात. खेड्यापाड्यांत अशा फेऱ्या नेहमी निघतात.

आता या गोतावळ्यातला लाडका माणूस. त्याचं नाव फ्रेड डिबना. अख्खा देश त्याला नुसतं ‘फ्रेड’ म्हणे, म्हणून मीही एकेरीच बोलतो.

फ्रेडचा जन्म २८ एप्रिल १९३८ चा, लँकेशायरमधल्या बोल्टन गावचा. हे गाव सूतगिरण्यांचं. सूत कातायचं ‘म्यूल’ हे यंत्र ज्यानं शोधलं, तो सॅम्युअल क्रॉम्प्टनही बोल्टनचाच. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशातला कापूस लँकेशायरच्या याच गिरण्यांकडे गेला. म्हणजे आपल्या काळ्या मातीचं आणि त्या गावाचं नातं जुनं आहे. फ्रेडच्या लहानपणी गावभर गिरण्यांची धुरांडी उभी होती. त्या धुरांड्यांवर चढून दुरुस्ती करणारी माणसं बघत तो मोठा झाला आणि शेवटी तेच काम त्यानं धरलं. सुताराचं काम शिकलेला हा गडी विटांच्या दीड-दोनशे फूट उंच धुरांड्यावर शिड्या बांधत चढायचा.

गिरण्या बंद पडू लागल्या आणि धुरांडी बांधण्या-दुरुस्त करण्याऐवजी पाडायचं काम त्याच्याकडे येऊ लागलं. त्याची रीतही न्यारी. सुरुंग लावायचा नाही. बुंध्याच्या विटा थोड्याथोड्या काढायच्या, त्या जागी लाकडाचे टेकू द्यायचे आणि मग खाली जाळ करायचा. टेकू जळाले की धुरांडं ठरवल्या दिशेला कोसळायचं, आणि फ्रेड त्याच्यापुढून पळत सुटायचा. ज्या कारागिरीवर त्याचं प्रेम, तीच त्याला हातानं आडवी करावी लागे. हे दुःख तो बोलूनही दाखवायचा. १९७९ मध्ये बीबीसीनं त्याच्यावर माहितीपट केला, त्याला मोठं पारितोषिक मिळालं आणि डोक्यावर चपटी टोपी घातलेला हा तेलकट हातांचा माणूस घराघरांत पोचला.

पण त्याचं खरं मन होतं वाफेच्या इंजिनांत. परसात त्यानं वाफेवर चालणारा कारखाना थाटला होता. पट्ट्यांवर फिरणारे लेथ, ड्रिल, सगळं. आधी १९१० सालचा एक वाफेचा रोडरोलर त्यानं जिवंत केला. मग हाती घेतला १९१२ सालचा एक वाफेचा ट्रॅक्टर, ॲव्हलिंग अँड पोर्टर कंपनीचा. त्या ट्रॅक्टरला पूर्ववत करायला फ्रेडला २७ वर्षं लागली. मिळेल त्या रविवारी, मिळेल त्या पैशात, जुन्या पद्धतीनं रिव्हेट ठोकत. ज्याला घर म्हणतात ते सांभाळून हा छंद करणं अवघडच. त्याचे दोन संसार मोडले, यावरून काय ते समजा. मी त्याचं कौतुक करतो आहे, पण घरच्यांनी या इंजिनापायी काय सोसलं असेल, हेही मनात येतंच.

२००१ च्या सुमारास त्याला कर्करोग असल्याचं निघालं. उपचार झाले, थोडा काळ बरा गेला, पुन्हा गाठ उगवली. आणि नेमका याच काळात तो ट्रॅक्टर पुरा झाला. दिवस थोडे उरलेत हे त्याला माहीत होतं. अशा वेळी माणूस काय करतो? घरचे म्हणतात, पडून राहा. डॉक्टर म्हणतात, दगदग नको. फ्रेडनं ठरवलं, हा ट्रॅक्टर घेऊन देशभर फिरायचं. जुन्या भट्ट्या, ओतशाळा, दोर वळणारे, साखळ्या घडवणारे, बॉयलर बनवणारे, जे जे अजून हातानं काम करतात त्यांना भेटायचं. बीबीसीसाठी त्याचं चित्रीकरणही होणार होतं. २००४ चं ते साल.

या प्रवासात त्याला साथ देणारी माणसं मला फार महत्त्वाची वाटतात. वाफेचं इंजिन म्हणजे किल्ली फिरवली आणि निघाले असं नसतं. पहाटे जाळ करावा लागतो, वाफ धरायला तास दोन तास जातात, कोळसा ओढायचा, पाणी भरायचं, राख काढायची. आजारी माणसाला हे एकट्यानं होणं शक्यच नव्हतं. मुलं आणि मित्र पुढे झाले. मित्रांत एक निवृत्त खाणकामगार होता, आयुष्यभर कोळसा खणलेला. तो आता मित्रासाठी फावड्यानं कोळसा भट्टीत टाकत होता. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी जुनी ओळखीची इंजिनवाली माणसं भेटत. ‘तब्येत कशी आहे’ हा प्रश्न दोन वाक्यांत उरके आणि गप्पा व्हॉल्व्हवर येत. ठरवलेलं सगळं चित्रीकरण काही पुरं झालं नाही. शरीरानं साथ सोडली आणि तो घरी परतला.

त्या दौऱ्याच्या धामधुमीतच, ७ जुलै २००४ ला, राणीच्या राजवाड्यात त्याला ‘एमबीई’ हा किताब मिळाला. फ्रेडची इच्छा होती की आपला ट्रॅक्टर थेट राजवाड्याच्या दारापर्यंत न्यावा. बागखात्याला धास्ती पडली, एवढ्या वजनानं शाही रस्ता खचेल! कागद इकडून तिकडे गेले आणि शेवटी राजवाड्याजवळच्या सैनिकी बरॅकीत ट्रॅक्टर उभा करायची परवानगी मिळाली. सरकारी खातं जगात कुठंही सारखंच, हे ऐकून आपल्याला जरा बरं वाटतं.

६ नोव्हेंबर २००४ ला फ्रेड गेला. वय ६६. अंत्ययात्रा निघाली १६ नोव्हेंबरला. शवपेटी ठेवली होती त्याच्याच ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्यावर, पेटीवर त्याची ती चपटी टोपी. ट्रॅक्टर चालवत होता त्याचा मुलगा. मागून ठिकठिकाणच्या छंदवाल्यांची वाफेची इंजिनं, एकामागं एक. रस्त्याच्या दोन्ही कडांना हजारो माणसं उभी होती. ज्या गावातली धुरांडी एकेक करून विझली होती, त्या गावावर त्या दिवशी पुन्हा कोळशाचा धूर दिसला. २००८ मध्ये बोल्टनच्या भर वस्तीत त्याचा पुतळाही उभा राहिला.

आपल्या देशातही असा एक प्रसंग अलीकडे घडला. पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला याची २०२२ च्या मे महिन्यात हत्या झाली, तेव्हा त्याला अखेरच्या प्रवासाला नेलं ते त्याच्या आवडत्या ‘एचएमटी ५९११’ ट्रॅक्टरवरून. फ्रेड आणि मूसेवाला यांच्यात दुसरं काहीही साम्य नाही, पण मातीतल्या माणसाला शेवटी आपलं यंत्र सोबत असावंसं वाटतं, हे पंजाबच्या लोकांनीही ओळखलं. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग केंद्र सरकारनं २०१६ मध्ये बंद करायचं ठरवलं. त्या ट्रॅक्टरची हौस मात्र तरुण पोरांत टिकून आहे.

आता वळू या आपल्याकडे. आपल्याकडे माणसाचा मान करायची पद्धत ठरलेली आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि सत्कारमूर्ती आजारी असली तरी तिला खुर्चीत बसवून ऐकवलेली सहा भाषणं. सातवं अध्यक्षांचं. मी स्वतः भाषण करणारा आहे, तेव्हा फार बोलत नाही. फ्रेडला मित्रांनी दिला तो तापलेला बॉयलर आणि समोर मोकळा रस्ता. हे आपल्याला जमणार नाही, असं मात्र मी मानत नाही. कारण आपल्याकडे इर्जिक होती.

तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. एखादा शेतकरी आजारी पडला, त्याचे बैल मेले, किंवा कुठल्याही कारणानं त्याची पेरणी-नांगरणी अडली, की गावातले शेतकरी आपापली औतं घेऊन एका दिवशी त्याच्या शेतात उतरत. पंधरा-वीस औतं एकाच वावरात! दिवस मावळायच्या आत काम फत्ते. मजुरी घ्यायची नाही, जेवण मात्र भरपेट. बांधावर गाणी, चेष्टामस्करी. आजारी माणूस बाजेवर पडून हे बघायचा. त्याला कुणी हार घालत नसे, त्याचं वावर वेळेवर पेरलं जाई. बैल गेले तशी इर्जिक गेली म्हणतात. मला हे कारण पटत नाही. पंधरा ट्रॅक्टर एका वावरात उतरायला कुणाची हरकत आहे?

आणि ट्रॅक्टरवाल्यांमध्ये ज्यांच्यासाठी इर्जिक करावी अशी माणसं आहेत. ते आपले मिस्त्री.

आपल्या भागात ट्रॅक्टर खऱ्या अर्थानं पसरला तो साठ-सत्तरच्या दशकांत. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्यानं १९६३ मध्ये मुंबईत सुरुवात केली, तो बी-२७५. मद्रासहून मॅसी फर्ग्युसन, फरिदाबादहून आयशर आणि एस्कॉर्ट, पुढे फोर्ड ३०००. शिवाय रशियन डीटी-१४ आणि चेकोस्लोव्हाकियाचा झेटॉर. १९७२ चा दुष्काळ सरला, १९७६ मध्ये पैठणला जायकवाडीचं उद्घाटन झालं, कालव्याला पाणी आलं आणि ऊस-कपाशीच्या रानात ट्रॅक्टरची फडफड वाढली. यंत्रं परदेशी, पुस्तकं इंग्रजीत किंवा रशियनमध्ये, सुटे भाग मिळायची मारामार. ती यंत्रं चालती ठेवली गावोगावच्या मिस्त्रींनी. बहुतेकांनी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखायचा, धुराच्या रंगावरून पंपाचं टायमिंग सांगायचं, मिळत नसलेला बुश लेथवर कातून घ्यायचा. हे सगळं ज्ञान त्यांच्या कानात आणि बोटांत आहे, कागदावर कुठंच नाही. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. कुणाला दम लागतो, कुणाचा डायलिसिस चालू आहे, कुणी अंथरुणाला खिळलं आहे. ज्यांच्या हातून शेकडो ट्रॅक्टर उठले, त्यांना उठवायला दोन माणसं लागतात.

आपलं हे शहर, कालचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, यंत्राची कदर करणारं शहर आहे बरं का. पाणचक्की बघायला आपण पाहुण्यांना नेतोच. डोंगरातलं पाणी नहरीतून आणायचं, उंचावरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवायची, ही शेकडो वर्षांपूर्वीची कारागिरी आपण जपली. तिला वारसा म्हणायला कुणी कचरत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या ट्रॅक्टरला मात्र तो मान कायद्यातही नाही. जुन्या वाहनांच्या जतनासाठी केंद्रानं २०२१ मध्ये नियम केले, पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळा क्रमांक दिला. पण त्यात दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात. संस्थानिकाची मोटार वारसा ठरली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. हा नियम बदलावा म्हणून कुणीतरी अर्ज-विनंत्या केल्या पाहिजेत, आणि हे काम पुण्या-मुंबईच्या मोटारवाल्यांपेक्षा आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी केलेलं बरं.

तोवर एक करता येईल. तुमच्या गोठ्यामागं असा एखादा बी-२७५ किंवा झेटॉर गंजत पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी त्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रींना निरोप धाडा. त्यांना येववत असेल तर गाडी पाठवून आणा, झाडाखाली खुर्ची टाका, हातपाय तुमचे आणि सांगणं त्यांचं. येववत नसेल तर फोन आहेच. बसलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका, पिस्टन धरलेले असतात. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, आठ दिवस तसंच राहू द्या. मग जुनं ऑइल बदला, पाणी भरा, डिझेलच्या टाकीतला गाळ काढा, लाइनमधली हवा काढा आणि इंजिन आधी हातानं, हळूहळू फिरवून बघा. फिरलं, की मग नोझल बसवून बॅटरी जोडा. पहिल्यांदा धूर खूप येईल, ठोके अडखळत पडतील. अशा वेळी घाईनं बंद करू नका. फोन इंजिनाजवळ धरा आणि मिस्त्रींना तो आवाज नीट ऐकू द्या.